बसस्टॉप कुठे रोवायचा हे ठरवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

नमस्कार साहेब. किंवा मॅडम. जे कोण असाल ते.

नाव मुद्दाम टाकलं नाही असं नाही, मला ते माहीतच नाहीये. गेली दोन वर्षं मी तुम्हाला शोधतेय. मेट्रो किती वाजता सुटणार ते कळतं, बसचं तिकीट किती झालं ते पेपरात येतं, पण रस्त्याच्या कडेला जो एक लोखंडी पोल असतो, ज्याला आपण बसस्टॉप म्हणतो, तो इथेच का रोवला, तिथे का नाही, आणि एक दिवस कुणालाही न सांगता चाळीस पावलं पुढे का सरकला, हे ठरवणारं माणूस कोण ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून शेवटी हे खुलं पत्र. हातोहात फिरत कधीतरी तुमच्यापर्यंत येईल, रविवारच्या बससारखं, उशिरा का होईना.

आधी माझी ओळख. पुण्यात कर्वेनगरला राहते, वय ४९, एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते आणि मला बसचं वेड आहे. कुणाला साड्यांचं असतं, कुणाला क्रिकेटचं, तसं. यात लाजण्यासारखं काही नाही हे कळायलाच मला बरीच वर्षं लागली. लहानपणी बाबांबरोबर पीएमटीने, म्हंजे तेव्हाच्या पुण्याच्या बसने, फिरायचे आणि वाचायला शिकले ती शाळेत नाही, बसच्या पाट्यांवर. म.न.पा. वाचून मला वाटायचं मनपा नावाची कुणी बाई असणार, फार मोठी असामी, कारण निम्म्या बस तिच्याकडेच निघालेल्या असायच्या. आणि न.ता.वाडी मी नातवाडी असं वाचायचे, म्हंजे नातवंडं राहतात ती वाडी, आपण सुट्टीत आजीकडे जातो तसे आजी-आजोबा तिकडे जात असतील. ते नरवीर तानाजी वाडी आहे हे आठवीत कळलं तेव्हा खरं सांगते, थोडं वाईटच वाटलं.

लग्नानंतर पण वेड गेलं नाही. माझा रविवारचा कार्यक्रम म्हंजे सकाळी दिवसाचा पास काढायचा, तेव्हा ४० रुपयात, डब्यात पोळीभाजी, पाण्याची बाटली आणि निघायचं. १०३ पकडून कात्रज, तिथून ४२ ने थेट निगडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, खिडकी मिळाली तर अख्खं शहर डोळ्यासमोरून जातं, सातारा रोडवरची दुकानं, मग पेठांची गर्दी, मग ते जुन्या मुंबई रोडवरचे कारखाने, आणि माणसं पण बदलतात, कात्रजला चढलेलं कुणीच निगडीपर्यंत उरलेलं नसतं, मी सोडून. एका कंडक्टर दादांनी एकदा विचारलंच, "ताई, चुकलात का?" म्हटलं नाही हो, फिरतेय. त्यांनी असं बघितलं की घरी भांडण करून आलीये की काय. जून २०२५ ला भाडं वाढलं, तो ४० चा पास ७० चा झाला, महिन्याचा ९०० वरून १५०० वर गेला, कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं. लोक चिडले ते बरोबरच आहे, १५०० म्हंजे ज्याच्या घरात तिघं बसने जातात त्याने काय करायचं. पण ते हे पत्र नाही. भाडं ठरवणारे वेगळे, त्यांची नावं माहीत आहेत, त्यांना लोक बोलतायत. तुम्हाला कोणीच बोलत नाही, म्हणून मी.

मुद्दा काय आहे ते सांगते, पण जरा लांबून यावं लागेल.

आमच्या इकडे कर्वे रोडला नळ स्टॉप आहे. बाहेरगावच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो हसतो. तिथे म्हणे पूर्वी रस्त्याच्या कडेला एक नळ होता, सार्वजनिक, आणि बस त्याच्याजवळ थांबायची म्हणून नळ स्टॉप. मी तो नळ पाहिलेला नाही, माझ्या बाबांनी पण नाही. पण नाव राहिलं. आधी नळाने स्टॉपला नाव दिलं, मग स्टॉपने चौकाला दिलं, मग लोक घरांच्या जाहिरातीत लिहायला लागले नळ स्टॉपपासून पाच मिनिटांवर, आणि ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो चालू झाली त्यात एका स्टेशनचं नाव काय, तर नळ स्टॉप. एवढं कोट्यवधींचं काचेचं स्टेशन आणि नाव एका गायब झालेल्या नळाचं. मला हे फार आवडतं. त्याच लाईनचं शेवटचं स्टेशन वनाज, ते तर एका कंपनीचं नाव, तिच्यासमोर बस थांबायची म्हणून सगळा भाग वनाज झाला.

म्हंजे बघा तुमच्या हातात केवढी ताकद आहे. तुम्ही एक पोल रोवता आणि पन्नास वर्षांनी तो पत्ता होतो. नटराज सिनेमा गेला तरी कंडक्टर ते नाव ओरडतोच. अलका टॉकीजला उतरणाऱ्यातल्या किती जणांना पिक्चर बघायचा असतो. डेक्कनच्या पुलाचं कागदावरचं नाव संभाजी पूल, पण लोकांच्या तोंडात लकडी पूल, त्यात लाकडाचा एक तुकडा पण नाही. कोथरूड स्टँड आणि कोथरूड डेपो या दोन पार वेगळ्या जागा आहेत, एक कर्वे रोडच्या बाजूला आणि एक पौड रोडला, हे पुण्यात नवीन आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी चुकीच्या ठिकाणी उतरूनच शिकतो. ती आपली दीक्षाच आहे म्हणा ना.

पण हे सगळं जुन्या माणसांच्या डोक्यात आहे, पोलवर नाही. नव्या माणसाचे हाल बघायचे तर शिवाजीनगरला उभं राहा. एसटी स्टँड तिथून वाकडेवाडीला गेलं ते २०१९ च्या शेवटी, मेट्रोच्या कामासाठी, आणि नाव मात्र शिवाजीनगरच चालू राहिलं. आता एखाद्या मावशी मुलाकडे आलेल्या असतात, त्यांना नाशिकची गाडी धरायचीये, कुणीतरी सांगतं की शिवाजीनगरला जा, त्या मेट्रोने शिवाजीनगरला उतरतात, जमिनीखालून दोन दोन सरकते जिने चढून वर येतात, पिशव्या सावरत, आणि वर आल्यावर स्टँड कुठाय विचारतात तर लोक म्हणतात इथे नाही, वाकडेवाडीला. त्या म्हणतात पण हे शिवाजीनगर आहे ना. आहे की. शिवाजीनगर हेच, स्टँड ते नाही. मेट्रोवाल्यांनी एक चूक सुधारली तेवढी, भोसरी नावाचं स्टेशन केलं होतं जे भोसरीत नव्हतंच, ते २०२४ ला नाशिक फाटा केलं. माझ्यासारख्या लोकांनी त्या दिवशी घरी चहाबरोबर बाकरवडी खाल्ली असेल.

मेट्रोबद्दल माझी तक्रार नाही, आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील ही जुन्या वळणाची बसवाली बाई आहे. मला मेट्रो आवडते. वनाज ते रामवाडी आणि पीसीएमसी, म्हंजे पिंपरी-चिंचवड, ते स्वारगेट, दोन्ही लाईन मिळून ३३ किलोमीटर होतात आणि तुकड्यातुकड्याने सुरू झाल्या त्या प्रत्येक तुकड्याला मी पहिल्या आठवड्यात जाऊन आलेय. १ ऑगस्ट २०२३ ला सिव्हिल कोर्ट जोडलं. मार्च २०२४ ला रामवाडीपर्यंत गेली. स्वारगेटचा जमिनीखालचा तुकडा सप्टेंबर २०२४ ला, त्याच्या उद्घाटनाला पंतप्रधान यायचे होते पण असा पाऊस झाला की कार्यक्रमच रद्द, मग तीन दिवसांनी ऑनलाईन उद्घाटन झालं. पुण्याचा पाऊस कुणाचं ऐकत नाही. सिव्हिल कोर्टला दोन्ही लाईन एकमेकींना ओलांडतात, एक वरून जाते आणि दुसरी ३३ मीटर खाली, साधारण दहा मजली बिल्डिंग उलटी जमिनीत घातली तर किती होईल तेवढं. पहिल्यांदा त्या जिन्यावर उभी राहिले तेव्हा मला सिंहगड उतरल्यासारखं वाटलं, फक्त खाली पिठलं-भाकरी नव्हती.

तर तिथून वर या. कार्ड टॅप करा, गेट उघडतं, हवेशीर, स्वच्छ, बाण काढलेले, गेट क्रमांक १ गेट क्रमांक २, लिफ्ट इकडे, टॉयलेट तिकडे, आंधळ्या माणसासाठी पिवळ्या उठावाच्या फरश्या. आणि मग शेवटची पायरी उतरली की काहीच नाही. बाण संपले. त्या पिवळ्या फरश्या जिथे संपतात तिथे रिक्षावाला उभा असतो. कडा तुटल्यासारखं होतं एकदम. तिथून पुढे तुमचं राज्य सुरू होतं.

एक स्टेशन आहे, नाव घेत नाही, घेतलं तर उद्या तिथलाच एक पोल घाईघाईने रंगवतील आणि बाकीचे तसेच राहतील. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी सातची वेळ, मी खाली उतरले, छत्री उघडतेय तर एक आजोबा, हातात औषधाची पिशवी, मला म्हणाले, "बाई, वारज्याची गाडी कुठं लागते?" मला प्रश्न विचारला की मला गुदगुल्या होतात, म्हटलं चला दाखवते. निघालो. गेटपासून पोलापर्यंत मी पावलं मोजली, सवय आहे, ४१२ भरली. त्यात एकदा रस्ता ओलांडायचा, झेब्रा पुसलेला, एकदा फुटपाथवरून खाली उतरायचं कारण फुटपाथवर डीपीचा डबा, एकदा परत वर चढायचं कारण खाली तळं. आजोबांना गुडघ्याचा त्रास, ते फुटपाथ चढताना माझ्या खांद्याला धरायचे आणि दर वेळेला सॉरी म्हणायचे. पोचलो तर पोल कुठाय? मला माहीत होतं म्हणून सापडला. एक टेम्पो लावलेला, त्याच्यामागे पोल, आणि पोलच्या पाटीवर थर चढलेले, एमपीएससीचा क्लास, मुलींसाठी पीजी, घरबसल्या कमवा, आणि सगळ्यात वर कुठल्यातरी दादांच्या वाढदिवसाचं स्टिकर. मी नखाने खरवडायला लागले. आजोबांनी छत्री धरली. एमपीएससी निघाली, त्याखाली पीजी, पीजीखाली निळा रंग लागला आणि मग एक आकडा दिसला आणि निम्मं नाव, पुढचं निम्मं गंजलेलं. आजोबा हसायला लागले. म्हणाले, "पुरातत्त्व खात्यात आहात का?"

आणि तेवढ्यात बस आली. आम्ही पोलापाशी बरोबर उभे, आणि बस थांबली आमच्यापासून तीस-चाळीस पावलं पुढे, रस्त्याच्या मध्यात, कारण पोलापाशी टेम्पो. सगळी गर्दी पळाली. आजोबा पळू शकत नव्हते. मी पळाले, दारावर हात मारला, म्हटलं दोन मिनिटं, आजोबा येतायत. ड्रायव्हर चांगला होता, थांबला. मागचे हॉर्न वाजवायला लागले, कंडक्टरने हात धरून आजोबांना वर घेतलं, डबल बेल, गेली. त्यांनी खिडकीतून हात केला. मी त्या पावसात उभी राहिले आणि नखात तो निळा रंग अडकलेला, घरी जाऊन पण निघेना.

त्या दिवशी मी ठरवलं की हा पोल कुणाचा ते शोधून काढायचं.

एका ऑफिसात गेले. खिडकीतल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं, मग म्हणाल्या पोल आमचा आहे मॅडम, पण पोल ज्या फुटपाथवर आहे तो फुटपाथ आमचा नाही. दुसऱ्या ऑफिसात गेले, तिथे म्हणाले फुटपाथ आमचा, पण त्यावर कुठे काय लावायचं ते त्यांनी कळवायला पाहिजे, आणि ते कळवत नाहीत. शेड असली तर ती ठेकेदाराची, जाहिरातीच्या बदल्यात बांधलेली, म्हणून तर शेडवर बिल्डरचा फोटो लांबून दिसतो आणि स्टॉपचं नाव जवळून पण दिसत नाही. झेब्रा कोणाचा ते अजून एक खातं. टेम्पो उचलायचा तर पोलीस. तिसऱ्या ठिकाणी एक भले गृहस्थ भेटले, चहा दिला, म्हणाले मॅडम तुम्ही अर्ज करा. कोणाला करू? ते विचारात पडले. पाच मिनिटं विचार केला त्यांनी प्रामाणिकपणे. मग म्हणाले, "मा. महोदय असं लिहा, नाव नका टाकू." म्हंजे त्यांना पण तुम्ही माहीत नाही साहेब.

यात कोणी दुष्ट नाही हे मला कळतं. पुण्याची बस पुणे महापालिकेने १९५० ला हातात घेतली, त्याआधी सिल्व्हर जुबिली मोटर्सच्या गाड्या होत्या. पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी १९७४ ची. दोन्ही एकत्र करून ऑक्टोबर २००७ ला पीएमपीएमएल झाली, आणि आता वर मेट्रो, तिची वेगळी कंपनी. संसार एकत्र केला पण भांडी ज्याच्या त्याच्या नावाची, असं झालंय. एकत्र कुटुंबात असतं ना, दिवाणखाना सगळे झाडतात आणि जिना कुणीच झाडत नाही कारण तो सगळ्यांचा. स्टॉप म्हंजे तो जिना.

बरं आता तुम्ही म्हणाल अ‍ॅप आहे की. आहे. आपली पीएमपीएमएल म्हणून, २०२४ पासून, आणि चांगलं आहे, मी रोज वापरते, तिकीट निघतं, बस कुठे आहे ती हलताना दिसते, मला तर रात्री झोप नाही आली की मी ते उघडून रातराणी बस कुठे चाललीये ते बघत बसते. पण अ‍ॅप सांगतं बस चार मिनिटात येतेय. कुठे येतेय, रस्त्याच्या या अंगाला का त्या अंगाला, सिग्नलच्या अलीकडे का पलीकडे, ते कोण सांगणार? आणि त्या आजोबांकडे बटणाचा फोन होता.

खरं सांगू का, खरा स्टॉप कुठाय ते पुण्यात एकाच माणसाला माहीत असतं, शेंगदाणेवाल्याला. तो पोलापाशी कधीच उभा राहत नाही. बस जिथे खरंच थांबते तिथे उभा राहतो, कारण त्याचा धंदा त्यावर आहे. मी नव्या भागात गेले की पोल बघतच नाही, शेंगदाणेवाला किंवा कणीसवाली बघते. ते नसले तर फुटपाथची कड बघायची, जिथे कड झिजून गोल झालीये तिथे लोक रोज उतरतात. रस्त्यावर ऑईलचे डाग असले तर तिथे बस उभी राहते. हे डाग मात्र आता कमी होणार, इलेक्ट्रिक बस आल्यात ना, फेब्रुवारी २०१९ पासून, तिथे ऑईल कुठलं गळणार. त्या बस मला आवडतात पण एक घोटाळा केलाय त्यांनी, आवाजच नाही. पूर्वी आम्ही पाठ करून उभे असायचो आणि चढावर गिअर बदलल्याच्या आवाजावरून सांगायचो की बस आली, बाबा तर टाटा का लेलँड ते पण सांगायचे. आता मागून येऊन गपकन उभी राहते, मांजरासारखी. आणि पुढचा तो लाल अक्षरांचा डिजिटल बोर्ड, उन्हात वाचता येत नाही, आणि आधी इंग्लिश सरकतं मग मराठी, मराठी येईपर्यंत बस गेलेली असते. जुन्या रंगवलेल्या पाट्या बऱ्या होत्या. ठळक, देवनागरी, हललं तरी वाचता यायचं. यावर कुणी माझ्याशी वाद घालायचा नाही.

आणि असं पण नाही की पुण्याला चांगला स्टॉप बांधता येत नाही. डिसेंबर २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हंजे बससाठी वेगळी लेन, सुरू झाली, देशातली पहिली असं सगळे सांगायचे, तिची जी थट्टा झाली ती झाली, निम्मी बरोबर होती. पण २०१५ ला रेनबो नावाची नवी बीआरटी आली, संगमवाडी-विश्रांतवाडी, मग औंध-रावेत, तेव्हाचे स्टॉप आठवा. रस्त्याच्या मधे, बसच्या दाराच्या उंचीचा फलाट, बसला उजवीकडे पण दार, एक पाऊल टाकलं की आत, व्हीलचेअर जाईल असं, आणि स्टॉपचं नाव मोठ्या अक्षरात, लांबून दिसेल असं. औंध-रावेतला मी मुद्दाम उतरून एक एक नाव वाचत गेले होते. त्या वेळी कुणीतरी स्टॉपचा विचार बसच्या विचाराइतकाच केला होता. तुम्हीच होतात का ते? नगर रोडवरचं ते सगळं नंतर उखडलं. ट्रॅफिकला अडचण म्हणे. बसमध्ये बसलेली पन्नास-साठ माणसं ट्रॅफिकमध्ये मोजत नाहीत बहुतेक, ट्रॅफिक म्हंजे फक्त गाडीत एकटा बसलेला माणूस.

असो, ते काढलं तर रात्र पुरायची नाही.

माझं मागणं छोटं आहे. मला काचेची शेड नको. एसी नको, मोबाईल चार्जिंग नको, सेल्फी पॉइंट तर बिलकुल नको. मला पोल पाहिजे, आणि पोलवर स्टॉपचं नाव पाहिजे, दोन्ही बाजूंनी, म्हंजे बसमधल्या माणसाला पण वाचता येईल की आपण कुठे आलो. आत्ता निम्म्या बसमध्ये प्रत्येक स्टॉपला कुणीतरी शेजारच्याला विचारत असतं, कुठलं आलं हो. नावाखाली इथे थांबणाऱ्या बसचे नंबर, आणि त्या कुठे जातात. नुसता ९४ लिहून काय उपयोग, कोथरूड डेपोकडे का पुणे स्टेशनकडे ते लिहा, कारण समोरासमोरच्या दोन पोलवर तोच नंबर असतो आणि उलट्या दिशेला बसून गेलेली माणसं मी रोज बघते. कागद चिकटवू नका, पावसाळ्यात त्याची लापशी होते. पत्र्यावर रंगवा. आपल्याकडे पाट्या रंगवणारे अजून आहेत, अक्षर काय सुरेख असतं त्यांचं, फ्लेक्स आल्यापासून काम नाही बिचाऱ्यांना.

आणि मेट्रोच्या प्रत्येक गेटच्या तोंडाशी एक पाटी. डावीकडे गेलात तर या बस, रस्ता ओलांडलात तर या. बस्स. स्वारगेटला जेधे चौकात मेट्रो, पीएमपी आणि एसटी तिन्ही एका दगडाच्या अंतरावर आहेत, असं भाग्य दुसऱ्या कुठल्या चौकाला आहे का, आणि तिथेसुद्धा बॅगा घेतलेला माणूस गोल फिरून तीन जणांना विचारतो आणि तीन उत्तरं मिळतात, पुणेरी उत्तरं, म्हंजे आधी तुम्ही चुकलात कसे त्यावर दोन वाक्यं आणि मग रस्ता.

अजून एक, आणि हे जरा कळकळीने. स्टॉप हलवायचा असेल तर हलवा, खोदकाम असतं, पूल पाडतात, समजू शकते, विद्यापीठ चौकातला पूल पाडला २०२० ला तेव्हापासून गणेशखिंड रोडचे स्टॉप इतके हललेत की मला नकाशा चार वेळा पुसायला लागलाय. पण हलवताना जुन्या जागी एक चिठ्ठी ठेवून जा. घर बदलताना दारावर लिहितो तसं, नवीन पत्ता अमुक. आमच्या ऑफिसातल्या पुसायच्या मावशी तीन दिवस रिकाम्या जागी उभ्या राहिल्या, बस समोरून न थांबता जायची आणि त्यांना वाटायचं ड्रायव्हर माजलेत. तीन खाडे पडले. स्टॉप पुढच्या गल्लीच्या तोंडाशी गेला होता, दिसत पण नव्हता तिथून.

मी एक वही केलीये. कर्वेनगर ते कोथरूड डेपो, मग पौड रोडने डेक्कन, आणि तिथून मनपापर्यंत, प्रत्येक पोल, नाव आहे का, नंबर आहेत का, बस खरंच कुठे थांबते, दिवा आहे का, बसायला काही आहे का, रात्री आठनंतर एकटी बाई उभी राहू शकेल का. शेवटचा रकाना मुलीने घालायला लावला. ती म्हणाली आई बाकी सगळं ठीक आहे पण मी स्टॉप निवडते ते यावरून, नावावरून नाही, आणि मग मी परत सगळे पोल फिरले, रात्री, तेव्हा वहीतले निम्मे शेरे बदलले. दिवसा उत्तम म्हणून लिहिलेला एक स्टॉप रात्री बघितला तर झाडाखाली काळाकुट्ट, दिवा झाडाच्या वर. फांदी कापायचं खातं अजून वेगळं, ते शोधायला मी अजून घेतलेलं नाही.

ही वही मी तुम्हाला देते. फुकट. झेरॉक्स काढून ठेवलीये, कारण सरकारी ऑफिसात गेलेला कागद आणि सासरी गेलेली ताटं परत येत नाहीत. तुम्ही फक्त सांगा कुठे आणून देऊ.

आणि उत्तर नाही आलं तर मी काय करणार तेही सांगून ठेवते, नंतर म्हणायला नको. त्या ४१२ पावलांवरच्या पोलासाठी मी रास्ता पेठेत एका पेंटर काकांना भेटून आलेय. पिवळा पत्रा, काळी अक्षरं, दोन्ही बाजू, साडेसातशे सांगितले, मी म्हटलं कमी करा, ते म्हणाले कशासाठी पाहिजे, मी सांगितलं, तर म्हणाले मग फक्त पत्र्याचे द्या. येत्या रविवारी सकाळी नऊला आम्ही दोघं तिथे असू. पान्हा काका आणतायत. हे बेकायदा आहे का ते मला माहीत नाही, असेल तर कुठल्या खात्याने पकडायचं ते तुम्हालाच आधी ठरवावं लागेल. मी दुपारी बारापर्यंत थांबेन. पोपटी छत्री.

आपली,
कर्वेनगरची एक पासधारक

ता. क. टेम्पोवाल्याशी बोललेय. तो रविवारी गाडी दुसरीकडे लावतोय.